बिब्बा उततो तेव्हा

चुलीवरचे दूध उतते आणि अंगावर बिब्बाही उततो. दोन्ही ठिकाणी मराठी भाषेने एकच क्रियापद योजिले आहे, आणि ते किती नेमके आहे हे ज्याने तो प्रकार एकदा पाहिला त्यास सांगावे लागत नाही. बिब्ब्याच्या फळातील काळा चीक कातडीस लागला, तरी पुष्कळदा लगेच फारसे काही दिसत नाही. एक-दोन दिवस जातात, आणि मग ती जागा लाल होऊन सुजते, बारीक पाणीदार फोड वर येतात, ते फुटून लस वाहू लागते, आणि कंड अशी सुटते की रात्रीची झोप उडून जावी. जणू आत कोणी जाळ लावला आणि आतले सारे उकळून वर आले. आता योगायोग असा, की सहाव्या शतकात तैग्रिस नदीकाठच्या अमिदा नगरातील एटियस नावाच्या वैद्याने आपल्या ग्रीक ग्रंथात अशा विकारास जो शब्द वापरला, त्याचाही धात्वर्थ उकळून बाहेर येणे, म्हणजे उतू जाणे, असाच आहे. तो शब्द 'एक्झिमा'. मराठीत ज्यास इसब म्हणतात तोच हा विकार. दोन दूरच्या भाषांनी एकमेकींस न विचारता एकच उपमा निवडावी, ह्याचे श्रेय भाषाकोविदांपेक्षा त्या विकारासच द्यावे लागेल.

परंतु ग्रीक शब्दाहून मराठी बोलीने एक पाऊल पुढे टाकले होते. 'इसब झाला' ह्या वाक्यातून तो कोणी केला हे कळत नाही. 'बिब्बा उतला' ह्या वाक्यात अपराध्याचे नाव उघड सांगितलेले आहे. शिवाय 'थोरलीला बिब्बा उततो, धाकटीला नाही' हेही घरोघरी ठाऊक असे. वस्तू एकच, स्पर्श एकच, परंतु एकीची त्वचा पेटते आणि दुसरीची शांत राहते. अ‍ॅलर्जी ह्या नावाने जी कल्पना विसाव्या शतकात जगभर पसरली, तिचे मर्म ह्या घरगुती वाक्यात सामावलेले होते. दुर्दैव एवढेच, की ते ज्ञान बिब्ब्यापाशीच थांबले. बाकीच्या इसबांच्या बाबतीत 'काय उतले?' असा प्रश्न विचारण्याची बुद्धी होण्यास फार काळ लागला, आणि हा सारा इतिहास त्या एका प्रश्नाचा आहे.

बिब्ब्याचे झाड कोकणातील व सातपुड्यातील रानांत आढळते. संस्कृतात त्यास भल्लातक म्हणतात. काजू आणि आंबा हे त्याचे कुलबंधू. फळाच्या कवचात दाहक चीक, आणि आत गोडंबी, जी बाळंतिणीच्या लाडवात आवडीने घातली जाते. मेवा, औषध व विखार ह्यांचा असा शेजार इतरत्र क्वचितच आढळेल. चरकसंहितेत भल्लातक हे अग्नीसारखे तीक्ष्ण म्हणून सांगितले आहे आणि रसायन म्हणून ते कसे जपून द्यावे ह्याचे विधीही दिले आहेत. परीट लोक ह्याच चिकाने कपड्यांवर खुणा करीत. त्यावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञांनी ह्या झाडास 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचे फळ, असे नाव दिले. चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले तर त्याने 'बिब्बा घातला' असे आपण म्हणतो. आणि दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरच्यांच्या जोडीला हाच बिब्बा ओवून दारावर टांगतो. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, रिक्षांच्या तोंडाशीही अशा माळा लोंबताना दिसतात. ज्याने पिढ्यानपिढ्या लोकांच्या कातडीस उपद्रव दिला त्यासच रखवालदार नेमावे, ह्यात थोडा विनोद आहे खरा.

इसबाचे खापर मात्र शरीराच्या आतील दोषांवर फोडले जाई. आयुर्वेदाने विचर्चिका नावाखाली जो कंडू व स्राव असणारा विकार वर्णिला, तो क्षुद्रकुष्ठांत गणला गेला. लोकांनी ह्या शास्त्रातील सूक्ष्म विचार सोडून फक्त 'रक्त बिघडले' एवढाच निष्कर्ष उचलला. युरोपातही स्थिती निराळी नव्हती. तेथेही शरीरातील दूषित रस बाहेर पडतो तो इसब, आणि तो बरा केल्यास आतील दोष कोंडून राहील, अशी भीती वैद्यांनाच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विएन्नाचे डॉ. फर्डिनांड हेब्रा ह्यांनी निरोगी त्वचेवर जमालगोट्याच्या जातीचे क्रोटन तेल चोळून तेथे इसब उत्पन्न करून दाखविला, तेव्हा ह्या समजास पहिला जोराचा धक्का बसला. बाहेरून लागलेली वस्तूही इसब निर्माण करू शकते हे सिद्ध झाले. तथापि हेब्रांचे तेल ज्याला लावावे त्याला लागे. बिब्ब्याप्रमाणे माणूस पाहून नव्हे.

तो दुसरा भेद उकलला १८९५ साली. डॉ. योझेफ यादासोन ह्यांनी ग्राझ येथे भरलेल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत एक साधा प्रयोग सांगितला. पाऱ्याच्या औषधाने ज्यांच्या अंगावर इसबासारखे उठले होते, अशा रोग्यांच्या निरोगी त्वचेवर त्यांनी त्याच औषधाची लहानशी पट्टी चिकटवली, आणि त्या पट्टीखाली, नेमका तेवढ्याच जागेत, तो विकार पुन्हा उमटला. इतरांच्या त्वचेवर तीच पट्टी निरुपद्रवी ठरली. 'थोरलीला उततो, धाकटीला नाही' हे वाक्य प्रथमच प्रयोगाने तपासले गेले. पुढे १९०६ साली विएन्नाच्या डॉ. पिर्के ह्यांनी अशा बदललेल्या प्रतिसादास 'अ‍ॅलर्जी' हे नाव दिले, आणि ती उत्पन्न करणारी वस्तू ती अ‍ॅलर्जन. मराठीत त्यास 'अधिहर्षक' अशी संज्ञा आहे. परंतु तीत हर्षाचा अंश इतका डोकावतो, की खाजवून बेजार झालेल्या माणसापुढे ती उच्चारण्यास जीभ धजत नाही.

त्यानंतर झुरिकच्या डॉ. ब्रुनो ब्लॉख ह्यांनी प्रिम्युला नावाच्या शोभेच्या फुलझाडाचा अर्क घेऊन १९२६ साली दाखवून दिले, की पुरेशा प्रमाणात व तीव्रतेने लावल्यास बहुधा कोणत्याही माणसास त्या वस्तूची अ‍ॅलर्जी जडविता येते. म्हणजे हा काही मूठभर नाजूक लोकांचा दोष नव्हे. आणि न्यूयॉर्कमध्ये डॉ. लँडस्टायनर व डॉ. चेस ह्यांनी १९४२ साली गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की ही संवेदनशीलता एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे रक्तातील पाण्याने जात नाही. ती पेशींबरोबर जाते. रक्त बिघडले म्हणणाऱ्यांना तेव्हा उत्तर मिळाले: बिघाड रक्ताच्या रसात नव्हता, शरीराच्या पहारेकरी पेशींच्या स्मरणात होता.

हे स्मरण कसे चालते ते थोडक्यात असे. बिब्ब्यातील किंवा अन्य वस्तूतील अगदी लहान रेणू कातडीत शिरतो आणि तेथील प्रथिनास चिकटतो. एकटा असता त्याची दखलही कोणी घेतली नसती. पण प्रथिनास चिकटताच ते प्रथिन परके दिसू लागते. त्वचेतील पेशी त्याची वर्दी जवळच्या गाठींपर्यंत पोचवितात, आणि तेथे त्या रेणूस ओळखणाऱ्या पेशींची फौज तयार होते. ह्या पहिल्या फेरीत माणसास काहीच कळत नाही. पुढे कधी तोच रेणू पुन्हा लागला, की ती फौज जमते, आणि जमण्यास तिला एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच सोमवारी हात लावलेल्या वस्तूचा इसब बुधवारी उठतो, आणि माणूस मंगळवारच्या जेवणावर संशय घेऊन बसतो. आणखी एक गोष्ट येथे सांगून ठेवणे अगत्याचे आहे. 'हा साबण तर वीस वर्षे वापरतो आहे, ह्याने कसे होईल?' असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. परंतु ही फौज पहिल्या वर्षी तयार होते तशी विसाव्या वर्षीही तयार होऊ शकते, आणि एकदा झाली की बहुधा आयुष्यभर मोडत नाही.

इकडे दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने बिब्ब्याने एक जागतिक कीर्ती मिळविली. हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर इसबाचे लहान चट्टे उठू लागले. डॉ. लिव्हिंगूड, डॉ. रॉजर्स आणि डॉ. फिट्झ-ह्यू ह्या लष्करी वैद्यांनी पाहिले, की जेथे सदऱ्याच्या गळपट्टीवर किंवा विजारीच्या पट्ट्यावर धोब्याची खूण होती, बरोबर त्याच जागी चट्टा होता. १९४३ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. कपडे पुनःपुन्हा धुऊन येत. पण धुतल्याने जाऊ नये म्हणूनच तर ती खूण बिब्ब्याने केलेली असे! गंमत अशी, की इंग्रज लोक त्यापूर्वी जांघेत होणाऱ्या गजकर्णास 'धोब्याची खाज' म्हणत आणि धोब्यास विनाकारण दोष देत. तो विकार बुरशीचा. त्यात धोब्याचा अपराध नव्हता. खरा धोबीकृत विकार सापडला तो असा, आणि त्यातही धोबी बिचारा परंपरेने आलेले कामच करीत होता. अमेरिकनांनाच तो अधिक का भोवावा ह्याचेही कारण आहे. त्यांच्या रानांत 'पॉयझन आयव्ही' नावाचा एक वेल असतो. तोही बिब्ब्याच्याच कुळातला. १९३१ साली पिल्लई व सिद्दीकी ह्या रसायनज्ञांनी बिब्ब्यातून 'भिलावनॉल' वेगळे काढले, ते त्या वेलातील आणि जपानी लाखेच्या झाडातील 'उरुशिऑल' ह्याचे सख्खे भावंड निघाले. बालपणी वेलाने शिकविलेला धडा सैनिकांच्या त्वचेस हजारो कोसांवर बिब्ब्याने आठवण करून दिला.

युद्ध संपले आणि मुंबई उत्तरेकडे पसरू लागली. १९५० साली महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत. साष्टी बेटावरील वाड्या, भातखाचरे व नारळी-ताडीच्या बागा जाऊन चाळी, वसाहती व कारखाने उभे राहिले. ह्या बांधकामात सिमेंटचा गिलावा हातांनी कालविणाऱ्या गवंड्यांच्या तळहातांस व बोटांस इसब होतो हे जगभर ठाऊक होते, आणि त्याचे कारण सिमेंटचा क्षार, असे समजत. १९५० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील जेगर व पेलोनी ह्यांनी दाखविले, की अ‍ॅलर्जी होते ती सिमेंटमध्ये अत्यल्प असणाऱ्या क्रोमेटची. डेन्मार्कने १९८० नंतरच्या दशकात सिमेंटमध्ये हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळण्याचा नियम केला. त्यामुळे विरघळणारे क्रोमेट जवळजवळ नाहीसे होते. युरोपीय संघाने २००५ पासून त्याची मर्यादा दशलक्षात २ भाग इतकी ठरविली. ज्या हातांनी उपनगरे बांधली त्या हातांवर झालेला इसब एका स्वस्त मिठाने टाळता येण्याजोगा होता, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

घरातील स्त्रियांच्या वाट्यास आलेला प्रकार आणखी नाजूक आहे. जुने कुंकू हळदीस चुना, टाकणखार इत्यादींचे संस्कार करून होई. त्याची जागा कृत्रिम रंगांनी घेतली, आणि पुढे कुंकवाचीच जागा चिकटणाऱ्या टिकलीने घेतली. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल नावाचे द्रव्य असू शकते. १९९० साली अलाहाबादच्या डॉ. बजाज प्रभृतींनी दाखविले, की त्याने कपाळावर नुसता कंड न सुटता कातडीचा रंगच जातो. कपाळाच्या मध्यावर पांढरा डाग! त्यास घरचे लोक कोड समजतात, मुलीच्या लग्नाची चिंता सुरू होते, आणि कोणी पूर्वजांच्या कर्मापर्यंतही जाऊन पोचते; अपराधी मात्र आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेला असतो. खोट्या दागिन्यांतील निकेल, केसांच्या कलपातील द्रव्य, रबरी चपलेचे पट्टे, ही सारी ह्याच जातीची उदाहरणे होत. इसबाचा आकार पाहिला तरी पुष्कळदा उत्तर मिळते. चपलेचा पट्टा पावलावर स्वतःचेच चित्र काढून ठेवतो.

मात्र प्रत्येक इसबामागे बिब्बा शोधण्याचा हट्टही बरा नव्हे. लहान मुलांच्या गालांवर आणि पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या घड्यांत होणारा इसब निराळा. अमेरिकेतील वाइज व सुल्झबर्गर ह्यांनी १९३३ साली त्यास 'अ‍ॅटोपिक' हे नाव दिले. तो अशा घराण्यांत आढळतो जेथे दमा किंवा नाक गळणे हेही असते. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखविले, की अशा पुष्कळांच्या त्वचेत फिलाग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच कमी असते; भिंतीचा गिलावाच निसटावा तशी त्वचा कोरडी व सच्छिद्र राहते, आणि मग बाहेरच्या वस्तू आत शिरतात. घरातील धुळीत राहणारा, कोळ्याच्या वर्गातील सूक्ष्म जीव हा अशा मुलांचा एक अ‍ॅलर्जन. हॉलंडमधील लायडन येथील डॉ. फोरहोर्स्ट ह्यांनी १९६४ साली त्याचे धुळीशी असलेले नाते उघडकीस आणले. त्यास दमट हवा मानवते, आणि मुंबईच्या उपनगरांत ती हवा त्यास मागावी लागत नाही. गाद्या-उशांना ऊन दाखविण्याची जुनी पद्धत येथे उपयोगी पडते. परंतु अशा मुलाचा मुख्य उपाय म्हणजे दिवसातून दोनदा साधे व्हॅसलिन किंवा तत्सम स्निग्ध मलम लावणे, आणि इसब भडकला असता वैद्याच्या सांगण्याप्रमाणे स्टेरॉइडचे मलम. आपल्याकडे आधी तोडले जाते ते मुलाचे जेवण! अंडे बंद, मासे बंद, दूध बंद, वांगे तर हद्दपारच. खाण्याचा संबंध काही थोड्या बालकांतच, आणि तोही तपासून, सिद्ध होतो. बाकीची मुले इसबाबरोबर उपासमारही सोसतात.

आता अशी एक कथा, की जिच्यात अपराधी सापडला, त्याचे नाव, गाव, रसायन सारे कळले, परंतु त्यास घराबाहेर काढता आले नाही. ती पुण्यात सुरू झाली. १९५१ साली प्रा. परांजपे ह्यांना पुण्याच्या उकिरड्यांवर एक परकी वनस्पती तुरळक उगवलेली दिसली. पाने गाजराच्या पाल्यासारखी, फुले बारीक पांढरी. १९५६ साली डॉ. राव ह्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद केली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ देश अमेरिकेचा उष्ण भाग. लोकांनी तिला गाजरगवत, काँग्रेसगवत, चटकचांदणी अशी नावे दिली. हे गवत अमेरिकेने 'पी. एल. ४८०' ह्या कायद्याखाली पाठविलेल्या गव्हातून आले, असे सर्वत्र सांगितले जाते. तारखा पाहिल्यास मात्र ते टिकत नाही. तो कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला आणि त्याखालचा भारताशी पहिला करार १९५६ साली. गवत पुण्यात त्याआधीच रुजले होते. इतकेच नव्हे, तर १८१४ साली कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील झाडांची जी यादी रॉक्सबर्ग ह्यांच्या नावाने छापली गेली, तीतही ह्या वनस्पतीचे नाव आढळते. परकीय धान्याने त्याचे बी आणखी पसरविले असणे शक्य आहे; पण राजकारणातील रोष वनस्पतीच्या वंशावळीत घालून इतिहास शुद्ध होत नाही.

एकेका भरघोस झाडास १५,०००हून अधिक बी येते. ते वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकास लागलेल्या चिखलाने जाते. गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. वीस वर्षांच्या आत ते पुणे सोडून दख्खनभर पसरले, आणि मुंबईच्या उपनगरांतील पडीक भूखंडांपर्यंत व रेल्वेमार्गांच्या कडेपर्यंतही आले. त्याच काळात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांपुढे एक नव्या तऱ्हेचा इसब येऊ लागला. रोगी बहुतेक प्रौढ पुरुष, त्यांतही शेतावर किंवा उघड्यावर वावरणारे. पापण्या, चेहरा, मानेचे सांदे आणि कोपरांच्या घड्या जाड व काळवंडलेल्या. पावसाळ्यात गवत फोफावले की भडकणारा, हिवाळ्यात थोडा उतरणारा, आणि पुढे पुढे बारमाही. पुण्याचे डॉ. लोणकर ह्यांनी व्हँकूव्हरचे डॉ. मिचेल आणि लंडनचे डॉ. कॅलनन ह्यांच्यासह १९७४ साली ह्या विकाराचे सविस्तर वर्णन लंडनच्या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध केले. पाठीवर पट्टी लावता उत्तर स्पष्ट आले. दोषी द्रव्य 'पार्थेनिन'. त्याची रचना रसायनज्ञांनी १९६२ सालीच उकलून ठेविली होती.

ह्या विकाराचे क्रौर्य असे, की रोग्यास झाडास हात लावण्याचीही गरज नसते. वाळलेल्या पानांचे कण व त्यांवरील सूक्ष्म केस धुळीबरोबर उडतात आणि उघड्या त्वचेवर बसतात. बिब्बा उतणाऱ्याने बिब्बा टाळावा. पण हवा कशी टाळावी? पुष्कळांच्या बाबतीत पुढे उन्हाचाही दाह होऊ लागतो, आणि शेतकरी माणूस दिवसा घराबाहेर पडेनासा होतो. कोणी शेत सोडले, कोणी गाव बदलले. नव्या गावीही तेच गवत आधी जाऊन बसलेले असे. शिवाय शेवंतीसारख्या फुलांतही ह्याच वर्गातील द्रव्ये असल्याने, देवापुढे वाहिलेल्या फुलांनीही काहींचा इसब भडकतो.

उपचाराच्या बाजूस १९५२ साली एक मोठी घटना घडून गेली होती. अमेरिकेतील सुल्झबर्गर व विटेन ह्यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर यशस्वीपणे वापरले. तोवर डांबर, जस्तभस्म आणि पोटॅशियम परमँगनेटच्या ओल्या घड्या ह्यांवरच भिस्त होती. त्या घड्या लस वाहणाऱ्या इसबास आजही उत्तम. परंतु गाजरगवताचा रोगी जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्यांवर ठेवणे धोक्याचे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. पसरिचा, डॉ. वर्मा आदींनी त्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन हे औषध वापरून पुष्कळांस दिलासा दिला. ते पहारेकरी पेशींची वाढ रोखते, म्हणून रक्तातील पांढऱ्या पेशी वारंवार मोजाव्या लागतात. औषधाच्या दुकानात जाऊन मागून घेण्याची ही वस्तू नव्हे. आणि दुकानातून मागून घेतलेल्या कडक स्टेरॉइड-मिश्रित मलमांनी शहरांत जो गजकर्णाचा धुमाकूळ माजविला आहे तो पाहता हे दोनदा सांगावयास हवे.

निदानाची गोष्टही तशीच. यादासोनची पट्टीच आज थोड्या सुधारणेने सर्वत्र चालते. संशयित द्रव्ये व्हॅसलिनमध्ये कालवून छोट्या वाट्यांतून पाठीच्या वरच्या भागावर चिकटवितात, ४८ तासांनी काढतात, आणि तेव्हा व पुढे आणखी एक-दोन दिवसांनी जागा पाहतात. त्या दिवसांत पाठ भिजू द्यावयाची नसते, घामही येऊ द्यावयाचा नसतो. घाटकोपर-बोरिवलीच्या मे महिन्यात ही अट पाळणे म्हणजे एक व्रतच. म्हणून शक्य तर थंडीचे दिवस निवडावे. स्पर्शाने होणाऱ्या इसबात रक्त तपासून छापून दिलेल्या शेकडो पदार्थांच्या लांबलचक यादीचा उपयोग होत नाही, कारण ती तपासणी दुसऱ्याच जातीची अ‍ॅलर्जी शोधते. कुटुंबे हजारो रुपये खर्चून ती यादी घेऊन येतात आणि तिच्या आधारे जेवणाचे ताट रिकामे करतात. टिकलीचे पाकीट मात्र जागच्या जागी राहते.

राहिला प्रश्न त्या गवताचा. १९८३ साली मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा एक भुंगा बंगळूरला आणण्यात आला आणि पुढील वर्षी सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खातात. पावसाळ्यात त्याने काही ठिकाणी रान निष्पर्ण केले, पण कोरड्या दिवसांत तो जमिनीत दडी मारतो आणि गवताचे फावते. जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्टमध्ये गवत-निर्मूलनाचा सप्ताह पाळला जातो. फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटणे हाच त्यातील सरळ मार्ग. उघड्या हातांनी मुलांच्या टोळ्या ह्या कामास लावणे म्हणजे पुढच्या वीस वर्षांचे रोगी आजच तयार करणे होय. ज्यास हा इसब आहे त्याने तर त्या कामाच्या आसपासही फिरकू नये.

उपटलेल्या जागी टाकळ्याचे बी टाकावे, असाही एक उपाय कृषितज्ज्ञ सांगतात. टाकळा पहिल्या पावसाबरोबर दाट उगवतो आणि गाजरगवताच्या रोपांस वर येऊ देत नाही. संस्कृतात त्याचे एक नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. वैद्य त्याचा लेप शतकानुशतके देत आले. जुलै उजाडला की बोरिवलीच्या बाजारात रानभाज्या विकावयास बसणाऱ्या बायांच्या टोपल्यांत त्याची कोवळी जुडी मिळते. पाला भाजीस जातो, बी मात्र पावसाळ्यानंतर शेंगा वाळल्या की जमवावे लागते.